पोस्टकार्ड टाकून केलेली गृहभेट

"बाई, तुमची ती पळालेली पोरगी परत आली हो!"

आमच्या स्वयंपाकीण शेवंताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून ही बातमी ओरडून दिली, तेव्हा मी टेबलाशी बसून एक केस बंद करत होते. केस बंद करायची म्हणजे शेवटच्या पानावर 'कार्यवाही पूर्ण' असं लिहायचं, तारीख टाकायची आणि फाइलची नाडी बांधायची. मी नाडीची गाठ मारत होते ती फाइल त्याच पोरीची होती. माझं टायमिंग पहिल्यापासून असंच आहे.

धावत गेले. चुलीपासून जरा लांब, तांदळाच्या पोत्याला टेकून सुमन बसली होती. वय नऊ, पण अंगाने सहा-सातची वाटावी. घोट्यापर्यंत परकर. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. बुधवार होता. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, बाजारात तिला भाजीला पाठवलं होतं, आणि ही बाई भाजी घेऊन पंचवटीत घरी जायच्या ऐवजी पूल ओलांडून, वाट विचारत विचारत थेट आमच्या रिमांड होममध्ये आली होती. सोबत पोलीस नाही, कुणी नाही. रिमांड होममधून पळून जाणारी मुलं आम्ही ढिगाने पाहिली होती. रिमांड होममध्ये पळून आलेलं मूल आमच्या कुणाच्याच पाहण्यात नव्हतं.

मला बघितल्याबरोबर ती उठली आणि शेवंताबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अगं, घाबरतेस काय? आपल्याच बाई आहेत ना त्या," शेवंताबाई म्हणाल्या.

"आपल्या नाहीत. काकांच्या आहेत," सुमन म्हणाली. "त्या काकांकडे चहा प्यायल्या."

खरं होतं. चहाच काय, पोहेसुद्धा खाल्ले होते. वर ओलं खोबरं होतं आणि मी दुसऱ्यांदा घेतले होते.

आता आधीचं सांगायला हवं. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. मी नाशिकच्या एका रिमांड होममध्ये प्रोबेशन ऑफिसर होते. रिमांड होम म्हटलं की लोकांना लहान मुलांचा तुरुंग वाटतो. तिथे चोरीबिरी केलेली मुलं असायची हे खरं, पण हरवलेली, टाकलेली, घरच्यांच्या माराला कंटाळून पळालेली मुलंही तिथेच यायची. त्या काळी अशा मुलांसाठी दुसरं दार नव्हतं. त्यांना तात्पुरतं ठेवून घ्यायचं आणि पुढे कुठे पाठवायचं ते बाल न्यायालयाने ठरवायचं. हे न्यायालय दर शनिवारी आमच्याच इमारतीत बसायचं. मॅजिस्ट्रेट साहेब काळा कोट न घालता साध्या टेबलाशी बसत, मुलं दचकू नयेत म्हणून. आणि त्या साहेबांना मुलाच्या घरची खरी परिस्थिती सांगणारा माणूस म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. म्हणजे मी. मुलाच्या घरी जायचं, चौकशी करायची, अहवाल लिहायचा. साहेबांचा निकाल बहुतेक वेळा त्या अहवालावरच जायचा.

मी मुंबईहून समाजकार्याची डिग्री घेऊन आले होते. खांद्याला शबनम पिशवी, बुडाखाली लेडीज सायकल आणि डोक्यात हवा. अहवाल लिहिण्यात तर मी स्वतःला अशी पटाईत समजायचे की विचारू नका. अक्षर मोत्यासारखं, भाषा घोटीव. आमचे अधीक्षक साळवे साहेब नवीन आलेल्यांना माझी फाइल दाखवायचे, "अहवाल असा लिहावा" म्हणून. मी शेजारी उभी राहून नम्रपणे जमिनीकडे बघायचे.

आता माझ्या कामाची एक रीत सांगते. ती मला कुणी शिकवली नव्हती, माझ्या सुशिक्षित मेंदूतून आपोआप निघाली होती. झोपडपट्टीतल्या घरी जायचं असलं की मी न सांगता जायचे. अचानक टपकायचं, चुलीवर काय शिजतंय ते बघायचं, शेजारणीला विचारायचं, नवरा पितो का, मारतो का. आणि पांढरपेशा घरी जायचं असलं की आधी पोस्टकार्ड टाकायचे. 'अमुक दिवशी सायंकाळी पाच वाजता गृहभेटीस येत आहे, कृपया उपस्थित राहावे.' कारण सभ्य माणसांच्या घरी न कळवता जाणं बरं दिसत नाही! माझ्या अंगात सभ्यता अशी ठासून भरलेली.

सुमन पहिल्यांदा आली ती दीड-दोन महिन्यांपूर्वी. नाशिक रोड स्टेशनवर बायकांच्या वेटिंगरूममध्ये एकटी बसलेली पोलिसांना सापडली. कुठे चाललीस, तर म्हणाली, निफाडला. निफाडला कोण, तर मावशी. आई-वडील दोघंही वारलेले. राहायला पंचवटीत काका-काकूंकडे. काका एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. आमच्याकडे ती पाच दिवस राहिली. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी फाइलमध्ये लिहिलं : 'भटकण्याची प्रवृत्ती.' बरं, एकच गाडी, तीही ठरलेल्या गावी, ठरलेल्या माणसाकडे जाणारी पकडायला निघालेल्या पोरीला भटकी म्हणायला डिग्रीच लागते.

काकांकडे पोस्टकार्ड टाकून गेले. घर आरशासारखं लख्ख. काका बोलायला मृदू, काकू हसतमुख. "पोरकी पोर हो, आपलीच समजून सांभाळतो. जरा हट्टी आहे. वळण लावावं लागतं." मी मान डोलावली. वळण हा शब्द आपल्याकडे असा आहे की तो ऐकला की पुढचं कुणी विचारत नाही. अहवाल दिला, कोर्टाने मुलगी काकांच्या ताब्यात दिली, आणि महिन्याने मी देखरेखीची भेट द्यावी असं ठरलं.

महिन्याने पुन्हा पोस्टकार्ड, पुन्हा पाच वाजता. ते पोहे याच भेटीतले. चहाचा कप सुमननेच आणून दिला. नवा कोरा परकर, तेल लावून घट्ट वेणी. मी काका-काकूंच्या देखत तिला विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?" तिने माझ्याकडे एकटक बघितलं आणि मान हलवली. मी लिहिलं : 'मुलीचा पोशाख नीटनेटका व मर्यादशील. घरातील वातावरण समाधानकारक. केस बंद करण्यास हरकत नाही.'

आणि आता ती पोरगी आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. शेवंताबाईंनी तिला मोरीपाशी नेलं. पुलावरून अनवाणी आलेली, पाय मातीने भरलेले. पाय धुवायला म्हणून त्यांनी परकर गुडघ्यापर्यंत वर केला आणि मला हाक मारली. हाक मारली म्हणजे ओरडल्या नाहीत, नुसतं "बाई" म्हणाल्या. पोटऱ्यांवर चटक्यांचे डाग होते. काही जुने, काही ओले.

मर्यादशील पोशाख!

संध्याकाळच्या आत काका हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. साळवे साहेबांच्या टेबलावर त्यांनी कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल ठेवली आणि तिच्यावर माझ्या दोन्ही अहवालांच्या नकला. हेडक्लार्कच तो, नकला काढण्यात त्याचा हात कोण धरणार!

"मुलगी माझ्या ताब्यात द्या. ऑर्डर माझ्या नावाची आहे," काका म्हणाले.

"पायांना काय झालंय तिच्या?" साळवे साहेबांनी विचारलं.

"स्टोव्हपाशी धडपडते. सांगून ऐकत नाही. तुमच्याच बाईंनी लिहिलंय बघा, वातावरण समाधानकारक."

साळवे साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं.

"ती स्वतःहून आलीय," साहेब काकांना म्हणाले. "आता कोर्टापुढे उभी केल्याशिवाय मला तिला कुणाकडेच देता येत नाही. शनिवारी अकराला या."

काका गेल्यावर साहेबांनी दार लोटून घेतलं. "बाई, नीट ऐका. सिव्हिलमधून डॉक्टरचा दाखला आणा. पण नुसत्या दाखल्याने भागणार नाही, तो म्हणेल स्टोव्हपाशी पडली. पोरगी स्वतः बोलायला हवी. आणि तिला ठेवणार कुठे, ते कोर्ट विचारणारच. शनिवारपर्यंत या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर तुमच्या अहवालावर बोट ठेवून तो तिला घेऊन जाईल. मग पुढे काय होईल ते तुम्ही बघितलंयच आज."

"हो साहेब."

"आणि तुम्हाला मेमो देतोय. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या अहवालावर सही माझी आहे, मलाही वरून येईलच."

गुरुवारी सकाळी सिव्हिल हॉस्पिटल झालं. डॉक्टरीणबाईंनी दाखल्यात स्वच्छ लिहिलं की हे डाग पडून झडून होणारे नाहीत, तापलेली वस्तू टेकवून झालेले आहेत. दुपारी मी मुलाखतीला बसले. आम्हाला शिकवलं होतं की मुलाशी बोलताना त्याच्या नजरेच्या पातळीवर यावं. म्हणून मी सुमनपुढे उकिडवी बसले. पुढ्यात रंगीत खडू ठेवले, कोरे कागद ठेवले. आवाज मऊ केला. "सुमन, तुझं घर काढतेस का? घरात कोण कोण आहे?"

तिने खडूंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही. मी अर्धा तास तशीच बसून राहिले, आणि उठायला गेले तर दोन्ही पायांना अशा मुंग्या आलेल्या की उठताच येईना. शेवंताबाईंनी काखेत हात घालून मला उचललं. त्या वेळी सुमनच्या चेहऱ्यावर किंचित हसू दिसल्यासारखं वाटलं. एवढीच त्या मुलाखतीची कमाई.

"असं पुढ्यात बसून विचारलं तर कोण बोलेल हो बाई?" शेवंताबाई म्हणाल्या. त्या चौथी शिकलेल्या. "फौजदार पण असाच बसतो की समोर. उद्या सकाळी माझ्याबरोबर तांदूळ निवडायला बसा. आणि काही विचारू नका."

शुक्रवारी सकाळी मी सूप घेऊन बसले. एका बाजूला शेवंताबाई, मध्ये सुमन, दुसऱ्या बाजूला मी. तिघींची तोंडं सुपात. चाळीस मुलांचे तांदूळ होते. मला घरी आईने हे काम कधी करू दिलं नव्हतं, शिकणारी मुलगी म्हणून. मी खडे सोडून तांदूळच फेकत होते.

"असं नाही बाई," सुमन म्हणाली. "आधी पाखडायचं. मग खडे कडेला येतात."

"असं?"

"असं."

बराच वेळ नुसता सुपांचा आवाज. मी जीभ दाताखाली धरून बसले होते, माझ्या स्वभावाला ती मोठी शिक्षा होती. मग ती आपणहून बोलायला लागली. माझ्याशी नाही, तांदळाशी बोलावं तशी. दूध उतू गेलं की चटका. कप फुटला की चटका. उलथणं तापवून काकू लावते. ओरडलं तर न्हाणीघरात कोंडते.

न राहवून मी विचारलं, "आणि काका गं?"

"काका रेडिओ मोठा करतात."

शेवंताबाईंचा हात थांबला होता. सुमनचा चालूच होता.

"तुम्ही आलात ना, त्या दिवशी पण दिला. तुम्ही गेल्यावर. काकू म्हणाली, बाईंकडे टक लावून का बघत होतीस."

मला रडू कोसळलं. लपवण्यासारखं नव्हतंच, भर स्वयंपाकघरात सूप मांडीवर घेऊन मी हमसून हमसून रडले. माझं चुकलं, सुमन, असं तिला म्हणाले. मी तुला एकटीला घेऊन विचारायला हवं होतं. नोकरीत मी कुणाची इतकी मनापासून माफी मागितली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "खडे त्या वाटीत टाका. परत तांदळात पडतायत."

मग वाटी पुढे सरकवता सरकवता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "मावशी आली होती इथे. मी पहिल्यांदा होते ना, तेव्हा. मी खिडकीतून बघितलं. तुम्ही तिला घालवून दिलं."

मला काही केल्या आठवेना. कपाटातून गेटवरचं रजिस्टर काढून बघितलं. होतं. 'निफाड येथील महिला, नातेवाईक असल्याचे सांगते. लेखी अर्ज घेऊन येण्यास सांगितले.' खाली सही माझी. मोत्यासारखी. आणि फाइलमध्ये, त्याच सुमाराला, माझाच शेरा : 'मावशी मजूर. राहण्याची जागा अपुरी. मुलीस ठेवण्यास अयोग्य.' ती जागा मी पाहिलीच नव्हती. काकांनी सांगितलेलं उतरवून घेतलं होतं.

दुपारच्या एस.टी.ने निफाड गाठलं. पोस्टकार्डाचा प्रश्न नव्हता. एक तर वेळ नव्हता, आणि पोस्टकार्ड या वस्तूची मला शिसारी आली होती. मावशीचं नाव ताराबाई. द्राक्षाच्या बागेत काम करायच्या. विचारत विचारत बागेत पोचले तेव्हा बायका घड कापून पाट्या भरत होत्या. ताराबाई कोण म्हटल्यावर एक काळीसावळी, चाळिशीची बाई पाटी खाली ठेवून पुढे आली. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"तुमीच का त्या? गेटावरल्या?"

"हो, मी तीच."

"अर्ज नाय आणला मी. लिवता येत नाय मला. तवा बी सांगत व्हते तुमाला, पर तुमी आत निघून गेल्या." तिने पदराने हात पुसले. "आता का आल्या? पोर बरी हाय ना?"

मी सगळं सांगितलं. चटक्यांचं सांगताना माझी नजर वर होईना. ताराबाई एकदम उसळल्या. "मी तवाच बोलले व्हते, पोरीला तिथं ठिऊ नका! माझ्या भणीची एकलीच लेक हाय ती. तिची आय गेली तवा हे काका म्हनले, शहरात शिकल, मोठी व्हईल. मी बी येडी, पाठवली. आन तुमी शिकल्या-सवरल्या बाया, तुमाला दिसलं नाय व्हय?"

"नाही दिसलं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बाजूच्या बायका कापणी थांबवून ऐकत होत्या. एकीने मला सावलीत बसायला पोतं दिलं. ताराबाईंनी मात्र बसा म्हटलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. त्यांचं घर बघितलं. एकच खोली, मातीची भिंत, बाहेर पडवी. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन लासलगावकडे दिलेली. कोपऱ्यात सतरंजीची घडी होती आणि तिच्यावर एक लहान मुलीचा फ्रॉक. "मागल्या दिवाळीला घेतला तिच्यासाठी. आता आखूड व्हईल," त्या म्हणाल्या. शाळा किती लांब ते मी पावलं मोजत जाऊन बघितलं. शेजारच्या दोन घरी विचारलं. झोपडीत करायची ती सगळी चौकशी केली, कसून केली. फरक इतकाच की या वेळी काहीतरी खोट सापडावी म्हणून नव्हे, तर सापडू नये म्हणून जीव खालीवर होत होता.

शनिवारी अकरा वाजता कोर्ट बसलं. ताराबाई पहिल्या गाडीने आल्या होत्या. त्यांना मी गेटवरून स्वतः आत आणलं. काका एकटेच आले होते. त्यांनी नकला मांडल्या आणि माझा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. माझीच घोटीव वाक्यं, आवाज त्यांचा. मला आयुष्यात माझ्या लिखाणाची इतकी किळस कधी आली नाही.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढला. "बाई, अक्षर तुमचंच ना?"

"हो साहेब."

"आणि आज तुम्ही बरोब्बर उलटा अहवाल दिलाय. दोन्हीतला खरा कुठला धरू?"

"आजचा."

"मग आधीचा कशावरून लिहिला होता?"

"घर बघून, साहेब."

"आणि आजचा?"

"मुलीला विचारून."

साहेबांनी मागची पानं उलटली. "आधीच्या भेटीची सूचना दिली होती?"

"पोस्टकार्डाने."

"छान. पोलिसांनी धाडीआधी पत्र टाकायला सुरुवात केली तर गुन्हेगारांची फार सोय होईल," साहेब म्हणाले. कोपऱ्यात साळवे साहेब खोकले. "आणि मावशीचं घर अयोग्य, असं लिहिलंय. ते पाहिलं होतं?"

"नाही साहेब."

"मग अयोग्य कशावरून?"

आता सोंग आणण्यात अर्थ नव्हता. "त्या मजूर आहेत म्हणून. आणि हे हेडक्लार्क आहेत म्हणून," मी म्हणाले. "काल पाहिलं, साहेब. घर लहान आहे. पण मुलीला तिथेच जायचंय. पहिल्या दिवशी स्टेशनवर तिने हेच सांगितलं होतं. मी त्याला भटकणं म्हटलं."

काका उठून उभे राहिले. "साहेब, या बाई आज एक लिहितात, उद्या एक. मुलगी खोटारडी आहे. आम्ही तिला वळण लावत होतो."

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "सगळे बाहेर जा. बाई, तुम्हीसुद्धा. मुलीसोबत फक्त त्या स्वयंपाकाच्या बाई थांबतील."

बाहेर व्हरांड्यात आम्ही उभे. एका टोकाला काका, एका टोकाला ताराबाई, मध्ये मी. सुमन आत बोलेल का, याची मला काहीच खात्री नव्हती. ती गप्प बसली असती तर दाखला होता, पण माझे जुने अहवालही होते, आणि ते माझ्याच अक्षरात होते. मी मनातल्या मनात नवस बोलले. एरवी मी देव मानत नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. सुमन बोलली होती. काय बोलली ते शेवंताबाईंनी मला पुढे कधीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे ऑर्डर लिहिली. कायद्यात 'योग्य व्यक्ती' म्हणून एक तरतूद असते. आई-बाप नसले तरी मूल ज्याच्याकडे सुरक्षित राहील असं कोर्टाला वाटतं, त्याच्या ताब्यात ते देता येतं. ती योग्य व्यक्ती म्हणजे ताराबाई. वर्षभर दर तीन महिन्यांनी माझी देखरेख. आणि काका-काकूंवर पोलिसांनी गुन्हा नोंदवावा.

साहेबांनी विचारलं, "ताराबाई, सांभाळाल ना?"

"सांभाळायला काय, माझीच हाय ती," ताराबाई म्हणाल्या आणि सहीच्या जागी अंगठा उठवायला लागल्या, तेव्हा सुमनने त्यांचा हात धरला. जाताना सुमनने शेवंताबाईंच्या गळ्यात हात टाकले. माझ्यापाशी थांबली. मान हलवून गेली.

काका-काकूंचा खटला पुढे दुसऱ्या कोर्टात चालला. त्यांच्या वकिलाने माझे दोन अहवाल दोन हातांत धरून मला तासभर सोलून काढलं. ते माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं. शेवटी थोडी शिक्षा झाली, ती काकूला. काका सुटले. रेडिओ मोठा करणं हा गुन्हा नाही, असं त्यांच्या वकिलाने मला बाहेर आल्यावर हसत सांगितलं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

तीन महिन्यांनी देखरेखीला निफाडला गेले. न कळवता. सुमन शाळेतून आली होती, पडवीत बसून उजळणी करत होती. अंग धरलं होतं. मी शेजारी बसून अहवाल लिहायला घेतला. सवय वाईट, पेन सुरू झालं की घोटीव भाषा आपोआप वाहायला लागते.

"काय लिहिताय?" तिने विचारलं.

आजवर कुठल्याच मुलाने मला हे विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. मी वाचून दाखवलं. "मुलगी नवीन वातावरणात पूर्णपणे रुळली असून अत्यंत आनंदी आहे."

"असं नाही बाई."

"मग कसं?"

तिने पाटी बाजूला ठेवली. "मी रात्री झोपेत ओरडते अजून. मग मावशी कंदील मोठा करते आणि मला झोप लागेपर्यंत बसून राहते. तिला सकाळी कामाला जायचं असतं तरी. ते लिहा."

मी माझ्या दोन ओळी खोडल्या आणि तिच्या लिहिल्या. तिने सांगितल्या तशाच, काना-मात्रा न बदलता. मग तिला पुन्हा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, आता बरोबर.

साळवे साहेबांनी तो अहवाल शेरा मारून परत पाठवला : 'खाडाखोड आहे. भाषा कार्यालयीन नाही. सुधारून द्यावा.' मी खाली एक ओळ लिहिली, 'मुलीला वाचून दाखवला आहे, तिला मान्य आहे,' आणि तसाच पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सही होऊन आला.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अहवाल मी आधी त्या त्या मुलाला वाचून दाखवला. मुलं फार दुरुस्त्या सुचवतात. कामाला दुप्पट वेळ लागला, बढती दोन वेळा हुकली, आणि नवीन आलेल्यांना दाखवायला साहेबांना दुसऱ्या कुणाची तरी फाइल शोधावी लागली. माझ्या फायली ऑफिसातल्या सगळ्यांत घाणेरड्या फायली म्हणून ओळखल्या जायच्या.